आवणीतला बुधवार

माझी धाकटी बहीण सुप्रभा उंचीने पाच फूट आणि तिचे यजमान अनिरुद्धराव सहा फूट एक इंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला पाटावर उभं केलं, तरी ती रावांच्या खांद्यालाच लागली. आमच्या तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली मंडळी नावं ठेवण्यात पटाईत. 'ध्वजस्तंभ आणि बलिपीठ', म्हणजे देवळापुढचा उंच खांब आणि त्याजवळचा बुटका दगडी ओटा, असं नाव त्यांनी त्या जोडीला ठेवलं आणि ते रावांनाच इतकं आवडलं की नव्या माणसाला ते आपण होऊन सांगत. मी तसा हसरा माणूस नाही. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं लोकांच्या घरांच्या खतांवर शिक्के मारताना कपाळाला ज्या आठ्या पडल्या, त्या निवृत्तीनंतरही गेल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

राव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कावेरीच्या कालव्यांची दारं कधी आणि किती उघडायची, हे बघण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. बदली होईल तिथल्या सरकारी घरात राहायचं आणि भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज करायचा. मूलबाळ झालं नाही. सुप्रभा गणित शिकवायची, प्रत्येक बदलीला नवी शाळा शोधायची आणि तक्रार करायची नाही. मग एका नवरात्रात माझ्या घरी कॉफीचा टंबळर खाली ठेवून राव म्हणाले, "चिदंबरराव, मी नोकरी सोडतों. आम्ही दोघं बोटींत राहायला जातों. शिडाच्या बोटींत."

माझी बायको अंबा तेव्हा होती. तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आणि तुळस कुठें ठेवाल?"

"डेकवर," सुप्रभा म्हणाली. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तंजावूरच्या माणसाला समुद्र माहीत तो कॅलेंडरवरचा, असं म्हणालो. जन्मभर पाणी अडवलंत, आता ते तुम्हाला अडवील, असंही म्हणालो. राव हसले. सुप्रभा म्हणाली, "अण्णा, सगळी उमर दुसऱ्याच्या घरांत काढली. हें एक आमचें होऊं दे." त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी आणखी थोडा वेळ बोललो.

कोचीच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या फ्रेंच माणसाची बोट पडून होती. त्याला आता मायदेशी जायचं होतं. लांबी सव्वीस फूट, म्हणजे आपल्या टाउन बसपेक्षाही कमी. तेवढ्यात दोन झोपायच्या फळ्या, एक चूल, एक हौद आणि बाकी सगळे दोर. आतली उंची पाच फूट तीन इंच. सुप्रभाच्या डोक्यावर तीन इंच मोकळी जागा, आणि राव मात्र पाऊल टाकल्यापासून कमरेत वाकलेले. "दोघांतला एक जण मावला कीं बस," असं ते म्हणत. आणि त्या बोटीत त्यांनी नऊ वर्षं संसार केला.

संसार म्हणजे खरोखरचा. पावसाळाभर कोचीत बांधून राहायचं, वारा फिरला की निघायचं. कधी मंगळूर, कधी गोवा, एकदा लक्षद्वीप. वाटेवरचे नकाशे सुप्रभा बघायची, कारण गणित तिचं. तिने समुद्रात पिठलं केलं, आंबट चुक्याचं लोणचं घातलं, आणि एकदा भर लाटांत पुरणपोळ्या लाटल्या. तेव्हा लाटणं गडगडत पार पुढच्या टोकाला गेलं आणि राव रांगत जाऊन ते घेऊन आले. ही गोष्ट तिने मला दहादा सांगितली असेल. माझी बहीण इतकं बोलते, हे मला ती पन्नाशीची झाल्यावर कळलं.

दर नवरात्राला दोघं तंजावूरला यायची. घरात शिरल्यावर राव आधी हॉलच्या मध्यभागी उभे राहायचे, दोन्ही हात वर करून तुळईला टेकवायचे आणि म्हणायचे, "हा! माणूस झालों परत." पण वाकायची सवय अंगात मुरली होती. मोठ्या देवळाच्या गोपुराखालून हत्ती आरामात जातो, तिथेही ते मान खाली घालून जायचे. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे!

मग अंबा गेली. त्या वर्षी मी नवरात्रातला कोलू मांडणार नव्हतो. नऊ पायऱ्यांवर बाहुल्या मांडणं हे बाईमाणसाचं काम, असं मी म्हणालो. खरं म्हणजे ट्रंक उघडायची माझी छाती होत नव्हती. सुप्रभा आली, तिने ट्रंक उघडली, एकेक बाहुली पुसली आणि अंबाच्या क्रमानेच मांडली. तेव्हापासून दर वर्षी ती दहा दिवस राहायची. वर्षातले ते दहा दिवस माझ्या घरात माणसांचा आवाज असायचा. बाकीच्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही.

गेल्या खेपेस अधिक श्रावण आला त्या वर्षीची गोष्ट. त्याच्या आदल्या हिवाळ्यात रावांच्या छातीत कळ आली होती. एक नळी बंद निघाली, तिथे स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, समुद्र चालेल, पण हे दिवसभर दुमडून राहणं थांबवा. त्यातच त्याच धक्क्यावर, दोन बोटी सोडून, एक एकोणचाळीस फुटी बोट विक्रीला निघाली. तिच्या आत साडेसहा फूट उंची. उतरायला दोन माणसं बरोबरीने जातील असा रुंद जिना, नीट पलंग, ओट्यासारखा ओटा. जूनमध्ये त्यांनी ती घेतली. जुनीला 'धाकटी' आणि नवीला 'थोरली' म्हणायला लागली. फोनवर रावांचा आवाज बारशाला आलेल्या माणसासारखा होता.

"आत उभे राहून बघितलंत का?" मी विचारलं.

"घेण्याआधी एकदा, दोन मिनिटं. आतां ही सोडत नाहीं."

सोडत नव्हती याचं कारण घरभरणी. आमच्यात नव्या घरात दूध उतू घातल्याशिवाय राहायचं नाही, चूल पेटवायची नाही. सुप्रभाने त्यावरही ताण केली. घरधन्याने दुधाआधी आत पायच ठेवायचा नाही, असा नियम घातला. सुतार आत जाई, रंगारी आत जाई, आणि मालक डेकवर उकिडवा बसून झरोक्यातून मापं ओरडून सांगे. समुद्रातली वादळं बघितलेली बाई, पण आमच्या आईच्या हाताखाली वाढलेली.

आणि दिवस बघायचे म्हणजे एक पंचांग बघून आमचं भागत नाही. आमचे पूर्वज इथे आले तेव्हा आपलं पंचांग बरोबर घेऊन आले, आणि इथलं शेजाऱ्यांनी दिलं. पिढ्या गेल्या, पण दोन्हींतलं एकही सोडवेना. कार्याला दोन्हीकडचा होकार लागतो. तमिळ आडी महिना वर्ज्य, त्यात या वर्षी आपला अधिक मास. मधला आवणी तेवढा मोकळा, पुढे पुरट्टासी वर्ज्य, त्यातच पितृपक्ष. एका बाजूने मोकळं झालं की दुसरी बाजू दार लावते. तमिळ कॅलेंडर सगळ्यांनाच वाचता येतं. मराठी पंचांग मात्र आमच्या गोतावळ्यात वाचता येतं ते एकट्या मला. वडिलांनी छडी मारून देवनागरी शिकवली होती. दर वर्षी पुण्याहून पंचांग मागवतो आणि मग अर्ध्या तंजावूरचे फोन येतात. मी सांगेन तो दिवस. पडताळून बघणारं कुणी नाही.

आडी संपत आला तेव्हा सुप्रभाचा फोन आला. "अण्णा, इथल्या कॅलेंडरांत आवणीचा पहिला बुधवार बरा दिसतो. सकाळीं सहा ते सव्वासात. आपल्या पंचांगांत काय आहे तें बघून सांग." मी पंचांग काढायला उठलो, तर पाठोपाठ म्हणाली, "तो दिवस साधला तर सप्टेंबरअखेर निघतां येईल. मालदीव, तिथून पुढें सेशेल्स. दोन वर्षं तरी लागतील. ह्या वर्षीं नवरात्राला येणें जमायचें नाहीं, अण्णा. रागावूं नको."

मी पान उघडलं. निज श्रावण, शुद्ध सप्तमी, स्वाती नक्षत्र. इतका निर्मळ दिवस वर्षात चारदा मिळत नाही. मी त्या पानाकडे बघत होतो आणि समोर कपाटावर बाहुल्यांची ट्रंक होती.

"नाही," मी म्हणालो. "आपल्यात तो दिवस वर्ज्य आहे."

"पुढचा?"

"आवणीत दोन्हीकडून जुळणारा दिसत नाही. मग पुरट्टासी. दसरा घेतला असता, आपल्यात त्याला मुहूर्त लागत नाही, पण तो मंगळवारी आलाय, इथल्यांना चालायचा नाही. त्यानंतरचा गुरुवार घे. म्हणजे नवरात्राला इथे येशील, आणि परत गेल्यावर दूध."

तिकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सरी, बरें. तूं म्हणतोस तर तसें." फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला बरं वाटलं. दोन महिन्यांनी कुणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि सुपारी कातरत बसलो.

ऑगस्टच्या शेवटी मी कोचीला जाऊन आलो. कशाला गेलो कुणास ठाऊक. मन खात होतं म्हणून असेल. राव धक्क्यावर न्यायला आले. चेहरा ओढलेला, पाठ आणखी वाकलेली, पण थोरली दाखवायचा उत्साह पोरासारखा. मला डेकवर बसवून झरोक्यातून आतलं दाखवत होते. "तो दिवा बघा, छताला लटकत होता. सुताराकडून बाजूला घेववला. नाहींतर माझें कपाळ फुटायचें." मग हळू आवाजात म्हणाले, "चिदंबरराव, दूध झालें कीं मी कांहीं करणार नाहीं. पंधरा मिनिटं आंत नुसता उभा राहणार. बसा म्हटलें तरी बसणार नाहीं. आपल्या घरांत ताठ उभें राहायचें, एवढेंच."

तिथेच सांगायला हवं होतं. दिवस काय, आवणी सरायला पंधरा दिवस होते, त्यातलाही एखादा काढता आला असता. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात धाकटीतून सुप्रभाने हाक मारली, "कॉफी झाली, वाकून या!" आणि आम्ही दोघं वाकून गेलो. मला तासाभरात पाठीत कळ लागली. ते नऊ वर्षं तसे बसत होते.

एकवीस सप्टेंबरला, दुपारच्या जेवणानंतर, धाकटीच्या पुढच्या टोकाशी ठेवलेला हातपंप काढायला राव वाकून आत सरकले आणि तिथेच कोसळले. शेजारच्या बोटीवरचे लोक धावले. पण धाकटीची शिडी सरळसोट आणि तोंड एका माणसापुरतं. सहा फुटांचा देह, तोही बेशुद्ध. चौघांना तो बाहेर काढायला अर्धा तास लागला. दवाखान्यात म्हणाले, उशीर झाला. लवकर आणलं असतं तर वाचलेच असते असंही नाही, हेही म्हणाले. हे दुसरं वाक्य मी बरेच महिने देवाच्या नावासारखं घोकत होतो. त्याचा काही उपयोग झाला नाही.

धक्क्यावर निजवलं तेव्हा ते सरळ झाले, असं सुप्रभा म्हणाली. मला हे एकदाच सांगितलं.

तिने त्यांना तंजावूरला आणलं. तिरुवैयारुला अस्थी कावेरीत सोडल्या. ज्या पाण्याची दारं त्यांनी उघडली आणि मिटली, त्याच पाण्यात. तेरा दिवस ती माझ्या घरी होती. रडली थोडी. कामं करत राहिली. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, समुद्राने नेलं हो. ती कुणाला दुरुस्त करत नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मागच्या ओसरीवर कॉफी घेत होतो. तिने एकाएकी म्हटलं, "अण्णा, मीच त्यांस मारलें."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"माझा नियम. दूध, दूध. पलीकडे साडेसहा फुटांचें घर बांधून ठेवलेलें, आणि मी त्यांस तीन महिने त्या पेटींत वाकवून ठेवलें. थोरलींत असते तर पडले तरी दोघांनी उचलून वर आणले असते. रोज तोच जिना डोळ्यांपुढें येतो. दिवस, दिवस करत बसलें मी."

मी तिच्याकडे बघितलं. डोक्यावरचे केस तेरा दिवसांत निम्मे पांढरे झाले होते. जे माझं होतं ते ती जन्मभर वाहणार होती आणि मी शेजारी बसून तिला समजावत राहणार होतो. इतका हलकट मी नाही, किंवा तेव्हा तरी होता आलं नाही.

"दिवस होता," मी म्हणालो. "आवणीतला बुधवार. आपल्या पंचांगात चांगला होता. मी खोटं सांगितलं. तू नवरात्राला यावीस म्हणून."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने टंबळर खाली ठेवला.

"सहा ते सव्वासात?"

"हो."

"त्या बुधवारीं सकाळीं सहाला ते थोरलीच्या जिन्यापाशीं उभे होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पोरांना गणित सांगावं तसा. "मजला हाक मारली. म्हणाले, सुप्रभा, आज जाऊंया कां आंत? कॅलेंडरांत तर चांगलेंच आहे कीं. मी म्हटलें, नको, अण्णाने नाहीं म्हटलेंय. ते म्हणाले, मग नको. आणि परत आले."

ती उठली, दोघांचे टंबळर घासले, पालथे घातले आणि पिशवी भरायला आत गेली. दुपारच्या गाडीने कोचीला गेली. मी स्टेशनवर पोचवायला निघालो तर म्हणाली, "ऑटो आहे." त्या वर्षी माझ्या घरी कोलू झाला नाही. ट्रंक अजून कपाटावर आहे.

वर्षभर फोन नाही. कळायचं ते इकडूनतिकडून. एकटीच धाकटीत राहते, धक्क्यावरच्या मुलांना गणित शिकवते, थोरलीला कुलूप आहे. मी तीनदा पत्र लिहिलं, तमिळ अक्षरांत, तिला वाचता यावं म्हणून. उत्तर नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मोकळं वाटेल. मोकळं घर तेवढं झालं.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मोबाइलवर तिचा निरोप आला. तमिळ अक्षरांत मराठी, चार शब्द. "ये. दिवस बघूं नको."

मी गेलो. तो वार कुठला, तिथी कुठली, मी खरंच बघितलं नाही. पंचांग त्या वर्षीचं मागवलंच नव्हतं. धक्क्यावर ती उभी होती, हातात दुधाचं पातेलं आणि काखेत रावांचा फोटो. थोरलीचं कुलूप तिने काढलं. "तूं आधीं उतर," म्हणाली.

जिना खरोखर रुंद होता. मी मधूनच उतरलो आणि दोन्ही बाजूंना जागा उरली. खाली उभा राहिलो. माझी उंची पाच फूट आठ. डोक्यावर आणखी दहा इंच मोकळे होते, हात वर केला आणि तळवा छताला टेकवला. बाजूला घेववलेला तो दिवा तिथेच होता. वर्षभर बंद असल्याने ओल्या लाकडाचा वास येत होता.

तिने माझ्या हातात टेप दिली. "जमिनीपासून सहा फूट एक इंच मोज. तिथें खिळा ठोक." मी मोजलं, ठोकला. तिने फोटो दिला, मी लावला. तो लावून झाल्यावर ती समोर येऊन उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली, जशी लग्नाच्या फोटोत बघते तशीच.

मग तिने चूल पेटवली. दूध चढलं, काठावर आलं, उतू गेलं, चुलीवर चरचरलं. पहिला टंबळर तिने फोटोखाली ठेवला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"ते असते तर हसून सोडून दिलें असतें तुजला," ती म्हणाली. "मजला तें जमत नाहीं, अण्णा. पुढेंही जमेल असें वाटत नाहीं. पण त्यांच्या घरचें दूध आहे, तुजला बोलावल्यावांचून उतूं घालवत नव्हतें. घे, निवेल."

मी घेतलं. समोरच नवा, स्वच्छ बाक होता. बस असं ती म्हणाली नाही. मी उभ्यानेच प्यालो.